पुढचा डावा

त्यानं पाय उचलला होता. पुढचा डावा. एकदा नाही, दोनदा उचलला, आणि दुसऱ्यांदा तर जरा जास्तच वेळ तसाच अधांतरी धरून ठेवला. मी त्याच्या शेजारी बर्फात गुडघे टेकून बसले होते, माझी दोन बोटं त्याच्या गळपट्ट्यात अडकवलेली होती, म्हणजे हे बघायला माझ्याइतकं जवळ दुसरं कुणीच नव्हतं. मला दिसलं. मी मनाशी म्हटलं, उणे अठरा आहे, आपणसुद्धा मघापासून या पायावरून त्या पायावर करतोय की. तेवढ्यात लाउडस्पीकरवर उलटी मोजणी सुरू झाली, आणि मग बोलायला वेळच राहिला नाही. वेळ राहिला नाही हे मी नंतर ठरवलं. खरं म्हणजे दहा आकडे मोजून व्हायचे होते. दहा आकड्यांत माणूस पुष्कळ बोलतो.

ही २०२३च्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही अमेरिकेत डुलुथला राहतो, लेक सुपीरियरच्या टोकाशी, जिथे हिवाळा पाहुणा म्हणून येतो आणि घरजावई होऊन बसतो. दर जानेवारीच्या शेवटी इथून कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत निघते, जॉन बेअरग्रीसच्या नावाची. तीनशे मैलांच्या जवळपास, तळ्याच्या उत्तर काठच्या जंगलातून वर कॅनडाच्या हद्दीकडे. पहिली काही वर्षं मी ती नुसती खिडकीतून ऐकली, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकमधून येणारं भुंकणं ऐकलं. मग शेजारच्या बाईंनी मला ओढून नेलं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, अंगणातला बर्फ अजून स्वतः उपसतात, आणि शर्यतीच्या सुरुवातीला कुत्री धरायला स्वयंसेवक म्हणून कैक वर्षं जातात. ‘तुला कुत्र्यांची भीती वाटते का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या गावच्या कुत्र्यांची वाटते. त्या म्हणाल्या, मग इथली तुला ओळखीचीच वाटतील.

आणि खरंच तसंच झालं. माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचे हस्की होते, निळ्या डोळ्यांचे, गुबगुबीत. ट्रकच्या पेटाऱ्यांतून जी एकेक करून खाली उतरली ती मात्र आमच्या वेशीवरच्या कुत्र्यांची सख्खी भावंडं वाटावीत अशी. काटक, लांब पायांची, कुणाचा एक कान उभा एक पडलेला, कुणी तांबूस, कुणी करडं, कुणी नुसतंच मातकट. अलास्कन हस्की म्हणतात ती हीच. कुठल्याही एका जातीची शुद्ध अशी नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या फक्त पळणाऱ्याशी पळणाऱ्याची गाठ घालत आणलेली. वजन वीस-बावीस किलो. आमच्या सोसायटीतलं लॅब्रेडॉर यांच्यापेक्षा जड असेल, आणि ते जिना चढायला नको म्हणतं.

आमच्या वाट्याला आलेल्या टीममध्ये दहा कुत्री होती. मशर, म्हणजे स्लेज हाकणाऱ्या, एक बाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. या लोकांत एकेका वेताच्या पिल्लांना एकाच धर्तीची नावं द्यायची पद्धत आहे, कुणी नद्यांची देतं, कुणी चीजच्या प्रकारांची. यांच्याकडे एक वेत मसाल्यांचं होतं. जिंजर होती, पेपर होता, आणि अगदी मागे, स्लेजच्या लगत जुंपलेल्या जोडीत डावीकडे क्युमिन होता. तो मला धरायला दिला. मी लगेच त्याला जिऱ्या म्हणायला लागले, आणि शपथेवर सांगते, त्यानं कान टवकारले. रंगही तसाच होता, भाजलेल्या जिऱ्याचा.

आदल्या आठवड्यात आम्हा स्वयंसेवकांची एक शिकवणी झाली होती. दोर कसा धरायचा, कुठे उभं राहायचं, मफलर लोंबता ठेवायचा नाही, पडलात तर धरून फरफटत जाऊ नका, सोडा आणि बाजूला लोळा. शेवटी शिकवणाऱ्या गृहस्थांनी आणखी एक सांगितलं होतं. कुत्र्यात काही वेगळं दिसलं तर मशरला सांगा, मूर्खपणाचं वाटलं तरी सांगा. मी मान डोलावली होती. वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं, आमच्या शाळेची सवय.

सुरुवातीच्या जागेवरचा तो गलका कसा सांगू? भुंकणं हा शब्द पुरत नाही. शे-दोनशे कुत्री एका वेळी किंचाळत असतात, केकाटत असतात, काही तर लहान मुलासारखा टाहो फोडतात. आणि उड्या. चारही पाय जमिनीपासून वर, हार्नेससकट, पुन्हा पुन्हा, जाग्यावर. स्लेज मागे पिकअप गाडीला बांधून ठेवलेली असते आणि ती गाडीसुद्धा हिसक्यांनी हलते. मधल्या जाड दोराला दोन्ही बाजूंनी कुत्री, प्रत्येकाच्या पाठीच्या टोकापासून एक दोरी त्या मधल्या दोराला आलेली. तिला टग म्हणतात. मशरची नजर अख्खी शर्यत त्या टगवर असते, ती ताठ असली की कुत्रं ओढतंय, सैल पडली की काहीतरी बिनसलंय. हवेत गवताच्या पेंढ्यांचा वास, डिझेलचा वास, मटणाच्या चरबीचा, आणि उत्साहाच्या भरात कुत्र्यांनी जिथल्या तिथे जे काही केलं त्याचाही वास. माझ्या पापण्यांवर बर्फाचे कण धरले होते. पुढून कुणीतरी ओरडलं, जिंजरनं दोर चावायला घेतलाय, आणि दोघं तिकडे धावले. त्या सगळ्या दंग्यात जिऱ्या तेवढा शांत उभा होता, त्याचा खांदा माझ्या मांडीला टेकवून. मला वाटलं, मागच्या जोडीतली कुत्री अशीच असतात, शहाणी, वजन पेलणारी. आमच्याकडे धुरेवरचा बैल असतो तशी.

तेव्हाच त्यानं पाय उचलला.

मोजणी संपली, आम्ही हात सोडले, बर्फात रुतवलेला लोखंडी आकडा मशरबाईंनी उपटला. आणि मग जे झालं त्यासाठी मला कुणी तयार केलं नव्हतं. गलका एकदम थांबला. दहाच्या दहा कुत्र्यांचा आवाज कुणी सुरीनं कापावा तसा बंद. ओढायला लागल्याबरोबर ती गप्प होतात, कारण जे मागत होती ते मिळालेलं असतं. उरतो फक्त स्लेजच्या पट्ट्यांचा बर्फावरचा सर्र असा आवाज, आणि कापडी बुटांतल्या चाळीस पावलांची टपटप, तीही क्षणभरच. मग ती वळणाआड गेली. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. दर वर्षी होतं म्हणाल्या, थंडीनं.

संध्याकाळी आम्ही दोघी गाडीनं पहिल्या थांब्यावर गेलो, टू हार्बर्सच्या उत्तरेला, हायवे दोनवर. मला वाटलं होतं जत्रेसारखं असेल. होतं मात्र एखाद्या रात्रीच्या खळ्यासारखं. अंधार, कपाळावर दिवे बांधून वाकलेली माणसं, पसरलेलं गवत, त्यात वेटोळं करून झोपलेली कुत्री, नाक शेपटाखाली. एका बाजूला स्टोव्हवर बर्फ वितळून पाणी उकळत होतं आणि त्यात गोठलेल्या मटणाचे ठोकळे सोडत होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकेक कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरी जाळतं, म्हणजे चार-पाच माणसांचं जेवण. त्या रश्शाची वाफ दिव्यांच्या उजेडात वर चढत होती आणि मला, काय सांगू, भूक लागली.

आमची टीम कोपऱ्यात होती. पशुवैद्य एक तरुण मुलगी होती, गवतात बसून एकेका कुत्र्याचा मानेवरचा कातडीचा चिमटा धरून सोडत होती, पाणी कमी पडलंय का बघायला. मग छातीला नळी, मग खांदे, मग मनगटं. कुत्र्याच्या पुढच्या पायालाही मनगट असतं हे मला तिथे कळलं. जिऱ्यापाशी ती थांबली. पुढचा डावा पाय हातात घेऊन सावकाश दुमडला. तो ओरडला नाही, फक्त जीभ फिरवली आणि तोंड दुसरीकडे केलं. मनगट सुजलं होतं. मशरबाई मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, शेवटच्या दहा मैलांत मला शंका येत होती पण टग एकदाही सैल पडला नाही. आणि मग वहीत त्याच्या नावापुढे खूण केली. जिऱ्या इथेच थांबणार, बाकीची नऊ पुढे.

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सकाळी बघितलं होतं मी, असं. पण समोर एक थकलेली बाई, तिच्या भुवयांवर बर्फ, तिला पुढचे दोनशे-अडीचशे मैल दिसतायत. आता सांगून उपयोग काय? हा प्रश्न मी विचारला आणि उत्तरही मीच दिलं. मी म्हटलं, पाणी आणून देऊ का?

विश्रांतीची वेळ संपल्यावर नऊ जणांची टीम उठली. आळोखेपिळोखे, जांभया, आणि आकडा उपटायच्या आधी पुन्हा तो किंचाळ्यांचा कल्लोळ. जिऱ्या ट्रकच्या बंपरला साखळीनं बांधलेला होता, पायाला पट्टी, अंगावर जाकीट. त्याला कळलं. तो मागच्या पायांवर उभा राहिला, साखळी ताणून, आणि टीम अंधारात दिसेनाशी झाल्यावर त्यानं मान वर करून जो सूर लावला तो मी अजून विसरले नाही. दिवसभर शांत होता तो. तो सूर संपेना. बाकीचे लोक आपापल्या कामाला लागले, त्यांना हे रोजचं होतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले, मराठीत बोलले, त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. सुजलेला पाय त्यानं पूर्ण टेकवला होता, त्याच पायावर जोर देऊन तो त्या वळणाकडे ओढ घेत होता.

आपल्या भाषेत ओढीला एकच शब्द आहे, दोरीलाही आणि मनालाही.

परत येताना हायवे एकसष्टवर शेजारच्या बाई गाडी चालवत होत्या आणि मी काळ्या तळ्याकडे बघत होते. याच काठानं जॉन बेअरग्रीस टपाल न्यायचा, १८७९पासून १८९९पर्यंत, टू हार्बर्स ते ग्रँड मरे. तो इथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांपैकी, बीव्हर बेच्या वस्तीत वाढलेला. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात स्लेज आणि कुत्री. रस्ता असा नव्हताच. त्याच्या कुत्र्यांच्या घुंगरांचा आवाज आला की लोक दाराबाहेर यायचे असं सांगतात. घुंगरांचं ऐकल्यापासून तो माणूस मला उगाचच आपल्याकडचा वाटतो. त्याचं थडगं बीव्हर बेला आहे, उन्हाळ्यात मी एकदा जाऊन आले. पण त्याची कुत्री शर्यतीत पळत नव्हती, कामाला जात होती. शर्यत नंतर आली, रस्ता झाल्यावर, मोटारी आल्यावर. अलास्कातही तसंच. साठच्या दशकात बर्फावर चालणाऱ्या मोटरसायकली घरोघर आल्या आणि कुत्र्यांच्या टीम गावांतून नाहीशा व्हायला लागल्या, तेव्हा १९७३ साली तिथली ती हजार मैलांची इडिटॅरॉड सुरू झाली, कुत्री राहावीत म्हणून. काम गेलं की शर्यत उरते. आमच्या गावात ट्रॅक्टर आला तेव्हाही बैल असेच मागे उरले होते, काही खाटकाकडे गेले, काही घाटाकडे.

घाट म्हणजे आमच्या खेड तालुक्यातला, डोंगरावर जाणारा नव्हे. जत्रेच्या मैदानाला चढ करून आखलेली बैलगाड्याची धाव. माझे आजोबा, आबा, या नादापायी पाव एकर रान विकून बसले होते. बायकांनी तिकडे जायची पद्धत नव्हती, पण मी नऊ वर्षांची होते आणि वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, खांद्यावर बसून मला सगळं दिसायचं. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माती, पिवळी माणसं, पिवळे बैल. पुढे घोडी. निवेदकाचा घसा बसलेला, झाली, झाली, झाली, आणि मग ते लांबलचक भिर्रर्रर्र. बारा-तेरा सेकंदांत सगळं संपायचं. त्या बारा सेकंदांसाठी वर्षभर पाखऱ्याला अंडी, उडीद, तूप. आजी म्हणायची, माझ्या पोरांनी पण एवढं तूप खाल्लं नाही. आबा त्याला हात उगारू द्यायचे नाहीत कुणाला. गोठ्यात चाबूक टांगलेला असायचा तो देवाला टांगतात तसा, वापरायला नव्हे. उन्हाळ्यात बाहेर बाज टाकायची सोडून ते गोठ्याच्या दारात झोपायचे.

त्या वर्षी बारीच्या आधी मला तहान लागली म्हणून मी दादांच्या खांद्यावरून उतरले आणि गाड्या लावल्या होत्या तिकडे पाण्याच्या पिंपापाशी गेले. देवळाच्या मागे टेम्पोच्या आडोशाला काका पाखऱ्याच्या मागे वाकले होते. मला आधी वाटलं ते शेपटीचा गोंडा सारखा करतायत. त्यांनी शेपूट दातांत धरलं होतं. पाखऱ्याचा एक डोळा मला दिसत होता, त्यातलं पांढरं. काकांनी मला बघितलं. ते रागावले नाहीत. खिशातून गोडीशेवेचा पुडा काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो खाल्ला, सगळा. पाखऱ्या त्या दिवशी असा पळाला की गाडा घाटाचा राजा ठरला, आणि आबांनी मला उचलून बैलाच्या पाठीवर बसवलं. त्याचं अंग थरथरत होतं. ती थरथर आनंदाची असणार असं सगळेच म्हणत होते, मीही म्हटलं.

म्हणून मला ‘त्यांना आवडतं’ या वाक्याची थोडी भीती वाटते. इथे प्रत्येक मशर हे म्हणतो, आणि खोटं म्हणत नाही. स्लेजवरून कुत्र्याला मारून तीनशे मैल पळवता येत नाही, तेवढा लांब हातच नसतो कुणाचा. उजवीकडे म्हणायला ‘जी’, डावीकडे म्हणायला ‘हॉ’, एवढ्या दोन शब्दांवर दहा जीव चालतात. ती बसली तर बसली, भर जंगलात टीमनं बसकण मारल्याच्या गोष्टी मशर स्वतःच सांगतात. जिऱ्याचा तो सूर मी कानांनी ऐकलाय. तरी पण. सुजलेल्या पायानं टग ताठ ठेवणाऱ्या कुत्र्याला आवडतं असं म्हणायचं, की त्याला ‘नको’ म्हणता येऊ नये असंच त्याला पिढ्यान्‌पिढ्या घडवलंय असं म्हणायचं? आणि हे कुत्र्याविषयीच विचारायचं की ज्या माणसांना आपण ‘किती कामसू’ म्हणतो त्यांच्याविषयीही? हा फाटा इथे नको, नाहीतर मी माझ्या सासूबाईंवर जाऊन पोचेन.

२०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि घाट बंद झाले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते आणि ऑफिसात सगळ्यांबरोबर मीही म्हटलं होतं, बरं झालं. मनापासून म्हटलं होतं. तो टेम्पोचा आडोसा माझ्या डोळ्यांपुढे होता. गोठ्यात तेव्हा हौश्या होता, पाखऱ्यानंतरचा तिसरा. गावातल्या कित्येकांनी बैल चाकणच्या बाजारात नेले, आबांनी नेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेले असताना आळीत एका लग्नाची वरात आली, बँडच्या आधी हलगी. हलगीचा पहिला ठोका पडला आणि गोठ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. हौश्या दावं तोडून अंगणात आला होता. कुणाच्या अंगावर गेला नाही. फाटकाकडे तोंड करून उभा राहिला, मान ताठ, कान पुढे, सबंध अंग थरथरतंय. तशीच थरथर. आबा धोतर सावरत धावले, दोन्ही हातांनी त्याचं कपाळ धरलं आणि आपलं कपाळ त्याला टेकवून म्हणाले, ‘न्हाई रं बाबा. बंद हाय. बंद हाय ते.’ वरात पुढे गेली तरी ते दोघं तसेच उभे. माझं ‘बरं झालं’ त्या अंगणात कुठे ठेवावं मला कळेना.

आबा २०१७ साली गेले. शर्यतींना परत परवानगी मिळाली ती २०२१च्या डिसेंबरात. आता चुलतभाऊ बैल सांभाळतो आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतो, बक्षिसाला थार असते, जेसीबी असतो. तो शपथ घेऊन सांगतो की आता शेपूट-बिपूट काही नाही, सगळीकडे कॅमेरे असतात. असेलही.

जिऱ्याच्या रात्रीनंतर आठवड्यानं मी दादांना फोन केला. इकडचं कौतुक म्हणून सुरुवात केली आणि बोलता बोलता पायाचं सांगून टाकलं. दादा हसले. म्हणाले, ‘जनावर पळवणाऱ्याला आज ना उद्या कळतंयच की. तू कशाला जीव टांगतीस?’ मी म्हटलं, मला आधी दिसलं होतं, म्हणून. आणि मग सत्तावीस वर्षांनी त्यांना टेम्पोमागचं सांगितलं. पलीकडे शांत. मला वाटलं रेंज गेली.

‘आबाला म्हाईत होतं,’ दादा म्हणाले.

‘कसं?’

‘शेपटाला दातांचे वण दिसत्यात की. रात्री त्यानंच हळद लावली.’

‘मग काकांना काही बोलले नाहीत?’

‘गाडा पहिला आला हुता,’ दादा म्हणाले. मग त्यांनी इकडच्या थंडीचं विचारलं, आणि मी सांगितलं.

२०२४ला शर्यत झालीच नाही. बर्फ पडला नाही. जानेवारीत होणारी आधी मार्चवर ढकलली आणि मग रद्दच केली. डुलुथमध्ये जानेवारीत गवत दिसत होतं, पिवळं, मेलेलं, लोक स्वेटरवर फिरत होते आणि हवा छान आहे म्हणताना एकमेकांकडे बघत नव्हते. मार्चमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, मशरबाईंना हात कमी पडतायत, येतेस का? मी गेले. जंगलात मोकळी जागा, तिथे ओळीनं लाकडी खोकी आणि प्रत्येक खोक्यापुढे एक खुंटा, साखळी, साखळीच्या त्रिज्येइतकं गोल तुडवलेलं वर्तुळ. तीसेक कुत्री. साखळ्या बघून माझ्या पोटात कसंतरी झालं हे लिहिलं पाहिजे. आणि हेही, की प्रत्येक खोक्याच्या छपरावर चढून ती इतक्या आनंदानं ओरडत होती की मला माझं पोटातलं कुठल्या बाजूला धरावं समजलं नाही.

बर्फ नसला की त्या लोकांची चारचाकी मोटरसायकल स्लेजच्या जागी येते. इंजिन मंद चालू ठेवून ब्रेकसाठी वापरायचं, ओढायचं कुत्र्यांनी. चिखलाचा रस्ता अर्धवट गोठलेला, टायरच्या खोल चाकोऱ्या, त्यांत बर्फाचे काचेसारखे पापुद्रे. आम्ही दहा जणांना जुंपलं. जिऱ्या पुन्हा मागच्या जोडीत, पुन्हा डावीकडे. त्याचा पाय त्या वर्षी महिन्याभरातच बरा झाला होता म्हणे. मला ओळखलं असं म्हणायचा मोह होतो, पण त्यानं माझ्या बाहीचा वास घेतला तो घरच्या खिम्याचा असणार. मी गुडघे टेकले, गळपट्ट्यात बोटं घातली. पुढची आठ नाचत होती, जिंजरनं पुन्हा दोर तोंडात घेतला होता. जिऱ्या माझ्या मांडीला टेकून शांत.

आणि त्यानं पाय उचलला. पुढचा डावा.

‘थांबा,’ मी ओरडले. गलक्यात माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडले, बहुतेक मराठीत. मशरबाईंनी माझ्याकडे बघितलं, इंजिन बंद केलं, गाडीला ब्रेक लावून खाली उतरल्या आणि चिखलातून चालत आल्या. काय, म्हणून विचारलं नाही. मी पायाकडे बोट दाखवलं. त्या माझ्या शेजारी बसल्या, हातमोजा दातांनी ओढून काढला, मनगट दाबलं, वाकवलं, खांद्यापर्यंत बोटं फिरवत नेली, परत खाली आणली. जिऱ्या त्यांचा कान चाटत होता. मग त्यांनी पंजा उलटा केला, बोटं फाकवली आणि दोन बोटांच्या मधून नखानं एक खडा काढला. हरभऱ्याएवढा. चिखलात गोठून बसलेला.

‘हा,’ त्या म्हणाल्या, आणि तो माझ्या हातावर ठेवला.

मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. पंजा पुन्हा एकदा चाचपून खाली ठेवला, हातमोजा चढवला. मागच्या वर्षी सकाळी पण, मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, मोडक्यातोडक्या वाक्यांत, दहा कुत्री कानांत किंचाळत असताना. त्यांनी ऐकून घेतलं. मग जिऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ पुढच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. ‘मी त्याला सकाळी स्वतः बूट घातले होते,’ त्या म्हणाल्या. ‘चारही.’

परत जाऊन त्या गाडीवर बसल्या, इंजिन सुरू केलं, आणि निघायच्या आधी मागे वळून मला विचारलं, ‘आणखी काही दिसतंय?’

मी उठून टीमच्या कडेनं पुढपर्यंत चालत गेले, जिंजरच्या तोंडातून दोर काढला, दुसऱ्या बाजूनं परत आले. चाळीस पाय होते. एकेक बघितला. मग मान हलवली, नाही, आणि बाजूला झाले.

गलका एकदम थांबला.